नंबरवाले कळंबे

कळंबे साहेबांनी माझ्याकडे नंतर पाहिलं, आधी माझ्या डब्याकडे पाहिलं. मध्य प्रदेशात, नागपूरच्या सीमेपलीकडे सौंसरजवळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात माझा तो पहिला दिवस होता. जेवणाच्या सुट्टीत मी कोपऱ्यात बसून डबा उघडला, तेवढ्यात बुशशर्ट घातलेला एक उंच, किडकिडीत माणूस जवळ आला. काही न विचारता त्याने डब्याचं झाकण उचललं, खिडकीच्या उजेडात तिरकं धरलं आणि वाचलं, "सौ. शांताबाई ढोबळे. आई काय तुमची?"

मी मान हलवली.

"पांढुर्ण्याले नाव घालून घेतलेलं दिसते. तिथल्या माणसाचा हात 'ळ'वर घसरते. हे पाहा, टिंबं दोनदा पडले." झाकण माझ्या हातात परत देत ते म्हणाले, "नाव घातलं ते चांगलं केलं. बिननावाची वस्तू म्हणजे जत्रेत हरवलेलं पोट्टं. रडते, पण कोणाचं ते सांगता येत नाही."

हे मनोहर कळंबे. आमच्या कारखान्याच्या मार्किंग आणि तपासणी विभागाचे प्रमुख. बोलताना त्यांच्यापुढे सगळे 'कळंबे साहेब' म्हणत आणि पाठीमागे 'नंबरवाले कळंबे'. हे दुसरं नाव त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. मी बी.एस्सी. होऊन प्रयोगशाळेत लागले होते. आमच्या दोघांच्या खोल्यांमध्ये एक काचेची भिंत होती. तिच्यातून मला दिवसभर त्यांची पाठ दिसायची आणि हातोडीचा आवाज यायचा.

आमच्या कारखान्यात पंपाचे शाफ्ट, गिअर आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचे एक्सल तयार होत. प्रत्येक वस्तूवर एक नंबर उठवावा लागे. पोलादाच्या कोणत्या घाण्यातली, म्हणजे एका वेळी ओतलेल्या कोणत्या मालातली, ती वस्तू, कोणत्या महिन्यात बनली, कोणी तपासली, हे सगळं त्या चार-सहा अक्षरांत बसवलेलं असे. नंबर उठवायच्या तऱ्हा निरनिराळ्या. मऊ पोलादावर पोलादी पंच ठेवून हातोडीनं ठोकायचा. भट्टीत कडक झालेल्या गिअरवर पंच उमटत नाही, उलट पंचाचंच नाक मोडतं. तिथं अक्षरं कापलेला कागद ठेवून, मिठाच्या पाण्यात भिजवलेली गादी विजेच्या तारेला जोडून वरून फिरवायची. कागद उचलला की काळा, सुबक नंबर उमटलेला दिसायचा. छोट्या वस्तूंसाठी विजेची पेन्सिल होती. ती हातात धरली की गांधीलमाशीसारखी गुणगुणत असे.

साहेबांचं खरं प्रेम मात्र पंचावर. "एकच ठोका," ते नव्या माणसाला सांगत. "दुसरा मारला की आकड्याची सावली पडते. मग तीन हाय का आठ, हे ठोकणाऱ्यालेही सांगता येत नाही." सहाच्या खाली रेघ मारायचीच, असा त्यांचा कायदा होता. "नाही मारली तर तो दांडा उलटा झाला की सहा नऊ म्हणून मिरवते." एखाद्याने रेघ विसरली तर ते चिडत आणि चिडले की त्यांचं मराठी संपून हिंदी सुरू होई. संध्याकाळी त्याच माणसाला सायकलवर डबलसीट घेऊन बसस्टँडपर्यंत सोडत.

नंबर वाचणं हे त्यांच्या लेखी ठोकण्याहून मोठं काम होतं. मला त्यांनी ते हौसेनं शिकवलं. ग्रीसनं माखलेला आकडा रॉकेलनं पुसायचा, त्यावर खडू घासायचा आणि तळव्यानं वरचा खडू झटकायचा. खोलगट भागात पांढरं राहतं आणि आकडा उभा राहतो. तरी दिसला नाही तर टॉर्च समोरून न धरता बाजूनं धरायची, अगदी पृष्ठभागाला टेकवून. तरीही नाही, तर वर पातळ कागद ठेवून पेन्सिल फिरवायची, लहान मुलं नाण्यावर फिरवतात तशी. या सगळ्यामुळे त्यांच्या शर्टाचा खिसा कायम पांढरा असायचा. "घरी शाळामास्तर समजतात मले," असं म्हणून ते हसत.

एकदा पोलीस ठाण्यातून एक पंपाची मोटर आमच्याकडे आली. विहिरीवरून चोरलेली. चोरानं नंबर कानशीनं घासून सपाट केला होता, आणि दोन शेतकरी ती आपली म्हणून भांडत होते. साहेबांनी ती जागा आरशासारखी घासून घेतली आणि माझ्याकडचं ॲसिड मागितलं. कापसाच्या बोळ्यानं ते हळूहळू लावत राहिले. आम्ही सगळे भोवती वाकून उभे. बऱ्याच वेळानं त्या चकचकीत लोखंडात, पाण्याखाली काही दिसावं तसे, आकडे धूसर वर आले. हवालदारानं ते लिहून घेतले, आणि ते पुन्हा विरूनही गेले. "घासल्यानं वरचं जाते बाई," ते मला म्हणाले, "पण ठोक्याचा मार आत बसलेला असते." त्या दिवसानंतर महिनाभर ही गोष्ट त्यांनी भेटेल त्याला सांगितली. दरवेळी चोर अधिक हुशार होत गेला. कारखान्यात कोणी त्यांना टोकलं नाही, कारण सांगताना त्यांचा चेहरा फार सुखी दिसे.

अशा माणसाला एक गोष्ट खटकत होती. ट्रॉलीच्या एक्सलचा नंबर दांड्याच्या अगदी टोकाशी असे, चाकाच्या टोपीखाली. तक्रार आली की मिस्त्रीला टोपी काढावी लागे, ग्रीस उपसावं लागे, तेव्हा कुठे नंबर दिसे. बहुतेक मिस्त्री ते करतच नसत आणि भलताच नंबर सांगत. साहेबांनी उपाय काढला. चौकोनी दांडा जिथं गोल होतो त्या मानेवर, चाकाच्या मागे, नंबर ठोकायचा. कोणीही खाली वाकून वाचावा. आमच्या मालकांना, ज्यांना सगळे भैयाजी म्हणत, ही कल्पना फार आवडली. साहेबांनी मोठ्या आकड्यांचे नवे पंच मागवले, चांगले धारदार. पहिला दांडा त्यांनी स्वतः ठोकला आणि मला काचेतून खूण करून बोलावलं. "वाचा. चष्मा न लावता वाचा." खरंच लांबून वाचता येत होता.

त्या वर्षी कापसाचा हंगाम संपत आला होता, होळी जवळ होती. लोधीखेड्याकडचे वामन बेले नावाचे शेतकरी कापूस भरून ट्रॉली घेऊन निघाले होते. मुलगा ट्रॅक्टर चालवत होता आणि ते स्वतः मागे गठ्ठ्यांवर बसले होते. उतारावर एक्सल मोडला, ट्रॉली कलंडली आणि त्यांचा पाय फळीखाली सापडला. जीव वाचला. नागपूरच्या दवाखान्यात पायही वाचला, पण गुडघा कायमचा ताठ झाला.

मोडलेल्या एक्सलचे दोन तुकडे आमच्याकडे आले. भैयाजी म्हणाले, "ट्रॉली किती भरली होती ते पाहा आधी. आणि तो रस्ता पाहा." दोन्ही गोष्टी खऱ्याच होत्या. ट्रॉली फार भरली होती आणि रस्ता वाईट होता. साहेबांनी ते तुकडे माझ्या टेबलावर ठेवले. तुटलेल्या तोंडावर एका कडेनं जुनी, काळपट चीर दिसत होती, शिंपल्यावर असतात तशा बारीक रेषांची. बाकीचा भाग ताजा, करडा, खडबडीत. म्हणजे दांडा एकाएकी मोडला नव्हता. तो कडेपासून हळूहळू चिरत आला होता आणि त्या दिवशी उरलेला भाग तुटला.

साहेबांनी दोन्ही तुकडे जुळवून धरले आणि मानेवर खडू घासला. नंबर उभा राहिला. चीर नंबरातूनच गेली होती. एका आकड्याचा वरचा अर्धा भाग एका तुकड्यावर होता, खालचा दुसऱ्यावर.

आम्हाला दोघांनाही समजलं. ज्या जागी दांड्यावर सगळ्यात जास्त ताण येतो, नेमक्या त्याच जागी धारदार पंचानं खोल खाच पाडली गेली होती. कागद फाडायच्या आधी आपण नखानं दुमड पाडतो तशी. ते तुकडे हातात धरूनच स्टुलावर बसले. मग म्हणाले, "बाई, टोकाशी होता तेव्हा कोणाले दिसत नव्हता, पण कोणाले मारतही नव्हता."

ते तसेच उठून भैयाजींच्या खोलीत गेले आणि मलाही सोबत नेलं, तुकडे दाखवायला. भैयाजींनी ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते, घाबरलेले होते. "कळंबेजी, एकच तर मोडला. बाकीचे बरोबर असतील. आपणच गावात ओरडून सांगितलं तर उद्या कारखान्याले कुलूप लागेल."

"बाकीचे बरोबर असतील तर मी तुमचे पाय धरतो," साहेब म्हणाले. "पण चैत्रात जामसावळीच्या मारुतीची जत्रा हाय. कापूस संपला की लोक ट्रॉल्या धुऊन त्यात बायापोरं भरतात. आता ट्रॉलीत कापूस नाही राहत भैयाजी."

भैयाजींनी खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. शेवटी एवढंच म्हणाले, "जीप घेऊन जा."

कारखान्यातले राहिलेले दांडे त्याच दिवशी बाजूला काढले गेले. बाहेर गेलेले शोधायचे कसे, हा प्रश्न होता. आमचा माल पांढुर्णा आणि सौंसरच्या ट्रॉली बनवणाऱ्यांकडे जाई. त्यांनी कोणता दांडा कोणाच्या ट्रॉलीला लावला हे त्यांनाही आठवत नव्हतं. पण नंबर मानेवर होता. ज्या जागेनं घात केला, त्याच जागेमुळे चाक न काढता प्रत्येक ट्रॉली तपासता येणार होती. साहेब गावोगाव फिरू लागले. तिगावपासून लोधीखेड्यापर्यंत जिथं ट्रॉली दिसेल तिथं जीप थांबवायची, खाली पाठीवर झोपायचं आणि खडू घासायचा. मानेवर आमचा नंबर निघाला की तिथंच त्यावर रॉकेल लावायचं, थोडं थांबून कोरडं पुसायचं आणि खडूची पूड लावायची. चीर असेल तर आत शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्या खडूवर एक ओली रेघ उमटते. रेघ नसली तरी ते दांडा बदलून देत. रॉकेल-खडूच्या कामात मदत म्हणून मीही अनेक दिवस त्यांच्यासोबत गेले. शेतकरी आधी संशयानं पाहत, मग चहा विचारत. साहेब चहा घेत नसत.

हनुमान जयंतीपर्यंत बहुतेक दांडे सापडले होते, पण सगळे नाही. म्हणून त्या दिवशी सकाळपासून आम्ही जामसावळीला, ट्रॉल्या उभ्या करायच्या शेतात, ठाण मांडून बसलो. ऊन तापलं होतं. लोक दर्शनाला जात, परत येऊन झाडाखाली शिदोरी सोडत आणि साहेब त्यांच्या ट्रॉल्यांखाली सरपटत. कोणी हसत होतं, कोणी वैतागत होतं. दुपार कलताना एका ट्रॉलीखालून त्यांचा हात बाहेर आला. मी रॉकेलचा बोळा दिला. त्यांनी तो फिरवला, पुसला, खडू लावला. मी वाकून पाहिलं. खडूवर ओली रेघ आली होती, नंबराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि पुढेही.

ट्रॉलीचे मालक तिगावकडचे एक म्हातारे शेतकरी होते, डोक्याला पांढरं फडकं बांधलेले. घरची मंडळी निघायच्या तयारीनं वर बसली होती. साहेब खालून निघाले, कपडे झटकले नाहीत. "बाबाजी, ही ट्रॉली घरी न्यायची नाही."

"काऊन?"

"एक्सल चिरला हाय."

"आताच तर आलो ना इथपर्यंत."

"आले तुम्ही. वापस पोचाल का नाही ते मले सांगता येत नाही."

वर बसलेल्या एका बाईनं नापसंतीनं म्हटलं, "देवाच्या दारात काय बोलून राहिले हे?" म्हाताऱ्यांनी तिला हातानं थांबवलं. "कोणं केलं हे?"

"मी," साहेब म्हणाले. "कारखान्यात नंबर मी ठोकतो. तो चुकीच्या जागी ठोकला. तिथून चिरला."

म्हातारे गुडघ्यावर बसले, खाली वाकले, त्या ओल्या रेघेवरून नख फिरवलं. मग उठून सगळ्यांना म्हणाले, "उतरा बाप्पा. सारे उतरा." बाया उतरल्या, झोपलेली पोरं खांद्यावर घेतली. म्हातारे बांधावर जाऊन बसले. साहेब त्यांच्या शेजारी जाऊन बसले. "सारं घर आणलं होतं मी यात," म्हातारे म्हणाले, कोणाला असं नाही. त्यांच्या मंडळींना आमच्या जीपनं खेपा करून घरी पोचवलं. त्या संध्याकाळी साहेबांनी त्या घरचा चहा घेतला, या साऱ्या फिरतीतला पहिलाच.

नंबर पुन्हा टोकाशी गेला, टोपीखाली. धारदार पंचांच्या जागी गोल टिंबांचे पंच आले, ज्यांच्यानं धारदार खाच पडत नाही. भैयाजींनी साहेबांना काढलं नाही. वामनरावांच्या दवाखान्याचंही त्यांनीच पाहिलं. माझ्या मनात गोष्ट तिथंच संपली होती. साहेबांच्या मनात नव्हती.

ते दर आठवड्याला लोधीखेड्याला जायचे. वामनरावांना भेटायला. पहिल्याच भेटीत त्यांनी सगळं सांगून टाकलं होतं. वामनरावांनी ऐकलं आणि भिंतीकडे तोंड केलं. तरी साहेब जात राहिले. कधी मोसंबी नेत, कधी नागपूरहून आणलेलं औषध. जाऊन खाटेशेजारी बसत, पायाकडे पाहत, तासाभरानं उठत. एकदा मीही सोबत होते. वामनराव आता काठी घेऊन अंगणात येत होते. आम्ही बसलो. त्यांच्या घरच्यांनी पाणी दिलं. साहेबांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "आता कसा हाय पाय?"

वामनराव थोडा वेळ काठीच्या टोकानं माती उकरत राहिले. मग शांतपणे म्हणाले, "साहेब, एक सांगू? तुम्ही आता येत नका जाऊ. बाकीचे दिवस मी इसरून राहतो. गोठ्यात जातो, संत्र्याले पाणी देतो. तुम्ही आले का मले आठवते. तुम्ही पायाकडे पाहता ना, तवा मी लंगडा होतो."

साहेबांनी पायावरची नजर काढली. ते उठले, हात जोडले. वामनरावांनीही जोडले. रागानं नव्हे, पाहुण्याला जोडावे तसे.

बसमध्ये साहेब खिडकीशी बसले. सौंसर जवळ आलं तेव्हा म्हणाले, "त्याचं बरोबर हाय. मी त्याच्यासाठी जातच नव्हतो बाई. माझ्या मनाले बरं वाटावं म्हणून जात होतो, अन् त्याचा भार त्याच्या खाटेवर ठेवून येत होतो." मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेले. त्यांनी मान हलवली. "नाही, आता नाही जाणार. माझं मलेच उचलू द्या."

ते पुन्हा कधी लोधीखेड्याला गेले नाहीत. रागावणं मात्र कमी झालं. नव्या माणसाच्या हातून दुसरा ठोका पडला तर ते जवळ जात, हातातली हातोडी घेत आणि म्हणत, "थांब. आधी जागा पाहू, मग आकडा." मोटरच्या चोराची गोष्टही ते सांगेनासे झाले. आम्हीच कधी आठवण काढली तर हसून दुसरा विषय काढत.

लग्न होऊन मी नागपूरला गेले. साहेब निवृत्त होऊन पांढुर्ण्याला आपल्या घरी राहायला गेले, आणि फार दिवस राहिले नाहीत. हृदयविकाराचा झटका आला. बातमी मला उशिरा कळली, तेरवीला तेवढी पोचले. अंगणात पंगत बसली होती, मी त्यांच्या सुनांबरोबर वाढायला लागले. भिंतीशी एका खुर्चीवर ताट घेऊन एक गृहस्थ बसले होते, एक पाय सरळ समोर पसरलेला, काठी टेकवून ठेवलेली. घरातलं कोणी त्यांना ओळखत नव्हतं. बाजारातले ओळखीचे असतील, असं सगळ्यांनी धरलं होतं. मी भाजीचं भांडं घेऊन त्यांच्यासमोर थांबले. त्यांनीही मला ओळखलं.

"वामनराव, तुम्ही इतक्या दूर आलात?"

"संत्रा मंडीत खबर लागली," ते म्हणाले. मग ताटाकडे पाहत सावकाश म्हणाले, "त्यायले मी येऊ नका म्हटलं होतं. मले त्यायनं कधी म्हटलं नाही."

त्यांनी ताट थोडं पुढे केलं. मी भाजी वाढली.